नथूच्या पुलाखालच्या शिव्या

नथू, तुला जाळून घरी आलो, अंघोळ केली आणि तसाच ओल्या डोक्यानं तुझ्या माडीवर चढलो. हातात हातोडी होती. तुझीच, जिन्याखालच्या पेटीतली. टेबलावर मांडलेलं तुझं ते अख्खं स्टेशन, तो पूल, ती नखाएवढी माणसं, मालधक्क्यावरच्या कापसाच्या गाठी, सगळ्याचा चुरा करायचा हे मी स्मशानातच ठरवलं होतं. तू गेलास आणि ते सगळं धडधाकट राहिलं याचा मला भयंकर राग आला होता.

विमलवहिनी माझ्या मागोमाग जिना चढून आल्या. नवऱ्याची चिता अजून विझलीही नसेल, पण बाईचा आवाज चढला नाही. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "हिलालभाऊ, फोडनं व्हई ते फोडा. पन त्यास्नी दोन्ही गावस्ले सांगी ठेयेल शे. आखाजीले बठ्ठा येतीन. मंग मी त्यास्ले काय दखाडू?"

मी हातोडी खिडकीतून भिरकावली. ती खाली कुणाच्या तरी पत्र्यावर आदळली, शेजाऱ्यानं सणसणीत शिवी हासडली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. मग तुझ्या स्टुलावर बसून मी रडलो. वहिनींनी पाणी आणून दिलं.

तुझ्यावर लिहायचं म्हणजे आधी बार सांगायला हवा. तुझं गाव पांझरेच्या उगवतीला, माझं मावळतीला. मधे वाळू, आणि वाळूवरून जाणारा रेल्वेचा पूल. वर्षभर दोन्ही गावांत सोयरिकी, उसनवारी, एकमेकांच्या लग्नात वाढायला जाणं. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बार. सकाळी पितरांची घागर भरायची, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकायची, आमरस-सांजोऱ्या हाणायच्या, आणि दुपार कलली की आपापल्या काठावर उभं राहून पलीकडच्यांच्या सात पिढ्या उद्धरायच्या. बाया शिव्या द्यायच्या, पुरुष गोफणी फिरवायचे. डोकी फुटायची, हळद दाबली जायची, दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या कामाला. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, भांडण कशावरून? कशावरून म्हणजे काय? आखाजी होती म्हणून.

एका आखाजीला, मी शाळकरी पोरगा असताना, बाप्यांच्या घोळक्यात पुढे घुसलो होतो. पुलावर मालगाडी आली. मला गाडीचं वेड, शिव्या आणि दगड सगळं विसरून मी मान वळवून डबे बघायला लागलो, आणि उगवतीकडून आलेला गोफणीचा गुंडा माझ्या डाव्या कानावर बसला. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. आईनं मला उचललं, आणि पळता पळता मागे वळून तिनं उगवतीच्या यच्चयावत बायकांना ज्या शिव्या दिल्या, त्या मी फक्त उजव्या कानानं ऐकल्या. डाव्या कानानं त्यानंतर काही ऐकलं नाही.

पुढे धुळ्यात आपण एकाच वसतिगृहात आलो. तुला मी ओळखत नव्हतो. एक दिवस जेवणाच्या पंगतीत तू फुशारकी मारत होतास की आपल्या गोफणीचा नेम असा, एका सालला मावळतीच्या एका पोराच्या कानफटात असा गुंडा बसवला की तो भुईवर लोळला. मी ताट बाजूला सारलं, उठलो आणि तुझ्या तोंडावर बुक्की मारली. तुझा ओठ फाटला. मी तुला डावा कान दाखवला. तू रक्त थुंकलास, कान नीट बघितलास, आणि म्हणालास, "मान कसाले वळाई तू?"

"गाडी उनी व्हती."

"मंग गाडीनी चूक शे."

एवढंच. त्यानंतर आपण जन्मभर मित्र राहिलो आणि जन्मभर मारामाऱ्या केल्या. माझ्या लग्नात तू माझ्या मेहुण्याची कॉलर धरलीस. तुझ्या मुलाच्या बारशाला मी तुला हौदात ढकललं. पण 'चुकलं' हा शब्द तुझ्या तोंडून कधी निघाला नाही. मी वाट बघायचो, आणि वाट बघतोय हे तुला कळू द्यायचो नाही. तुला ते कळत होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर धुळ्याच्या देवपुरातल्या घराच्या माडीवर तू आपलं स्टेशन बांधायला घेतलंस. चित्रकलेचा मास्तर तू, हात सोन्याचा. दोन्ही गावं, मधली नदी, पूल, स्टेशनावरचा कडुनिंब, त्याला आखाजीचा झोका. नदीत वाळू खरी, पांझरेची, चाळून आणलेली. गल्लीतले लोक बघायला यायचे आणि म्हणायचे, "मास्तर, गणपतीचा देखावा झकास शे." मग तू त्यांना जिन्यापर्यंत हाकलत न्यायचास. खेळणं म्हटलं तरी चालणार नाही, देखावा म्हटलं तरी चालणार नाही. लेआउट म्हणायचं.

सगळं झालं आणि तुझ्या लक्षात आलं की ते मुकं आहे. गाडी फिरते, मोटर कुरकुरते, बाकी नुसती शांतता. मला बोलावलंस. मी लग्नातला साउंडवाला, डीजेवाला, माझ्या भिंतीएवढ्या पेट्यांनी अख्ख्या पारोळ्याच्या खिडक्या थरथरवल्या आहेत. एका कानानं माझा धंदा बरा चालतो, कारण वरातीत कुणी ऐकायला येत नाही. तू म्हणालास, "मागला आवाज पाह्यजे. येनाऱ्याले समजाले नको, पन बंद करा का त्याले चुकल्यासारखं वाटाले पाह्यजे." मला वाटलं, सोपं काम आहे. मोबाइलवरून पाखरांचा किलबिलाट उतरवला, जरा झऱ्याचं पाणी घातलं, दोन लहान पेट्या टेबलाखाली लावल्या आणि बटण दाबलं.

तू ऐकत राहिलास. तुझ्या कपाळाची शीर फुगायला लागली. "हाई कोनतं पाखरू शे?" मी म्हणालो, पाखरू ते पाखरू. "हाई आपलं नही. हाई बरफमधलं पाखरू शे. पांझरावर कव्हय आयकं तू?" आणि तू वाकून ती पेटी वायरीसकट उपटलीस आणि खिडकीतून खाली टाकलीस. दुसरीला मी मिठी मारली म्हणून ती वाचली. तुझ्या नखांचे ओरखडे माझ्या मनगटावर बरेच दिवस होते.

खरं सांगतो नथू, त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. आपण दोघं स्कूटरवर आवाज गोळा करत फिरायचो. नरडाण्याच्या फलाटावर थांबून मालगाडीचा घरघराट भरला. पुलाखाली बसून गाडी वरून जाताना लोखंडाचा जो पोकळ आवाज येतो तो भरला. होले, चिमण्या, दुपारचा कडुनिंबातला वारा, जिनिंगची लांबून येणारी घूं घूं, वाळूत खरबुजं विकणाऱ्याची हाक. मालगाडीच्या आवाजाची पेटी मी लाकडी फळीलाच आवळून टाकली, त्यामुळे गाडी पुलावर आली की तुझं सगळं टेबल खालून हलायचं. तेव्हा तू मला मिठी मारलीस, आणि लगेच दूर ढकलून म्हणालास की खिळा वाकडा ठोकला आहेस. प्रत्येक आवाजावर आपण भांडलो. कोंबडा हवा की नको यावर तर तू मला चहाचा कप फेकून मारलास. त्यात चहा होता.

मग एका दुपारी तू पुलाखालच्या वाळूकडे बघत म्हणालास, "बार पाह्यजे."

बार बंद पडून जमाना झाला होता. पोलिसांनी बंद केला, लोकांनीही सोडून दिला. तो आवाज कुठेच मिळणार नव्हता. तुझ्या मते तो नसेल तर कडुनिंबाचा झोका खोटा, खरबूजवाला खोटा, अख्खी नदी खोटी. मी म्हणालो, लोक बघायला येतील, लेकीबाळी येतील, त्यांना काय आयमायच्या शिव्या ऐकवणार? तू म्हणालास, आयमायच्याच. आपल्या दोघांच्या आया त्या वाळूत उभ्या राहून एकमेकींना शिव्या द्यायच्या आणि त्याच्याइतका जिवंत आवाज तू पुन्हा ऐकला नाहीस. ते ऐकून मी माईकच्या वायरी शोधायला लागलो. तुझ्या आईनं मला पुढे किती वेळा पोटभर जेवू घातलं, ते आठवलं.

माघात आपण दोन्ही गावांतल्या म्हाताऱ्या गोळा केल्या. तुझ्या बाजूला तुझी थोरली बहीण यशोदाअक्का, उगवतीची सगळ्यात तिखट जीभ. माझ्या बाजूला माझी काकू कौतिकबाई. पुलाखाली वाळूत माईक उभे केले, आणि काय सांगू, सगळ्या बाया पदरानं तोंड झाकून नव्या नवरीसारख्या लाजायला लागल्या. काकू म्हणाली, "कोनले शिव्या देवू बाप्पा? मनं कोनसंगे भांडन नही." अक्कानं तर पलीकडून माईकला नमस्कार केला. तू डोकं धरून वाळूत बसलास. बार म्हणजे हुकमावर होणारी गोष्ट नव्हे, एवढं आपल्या दोघांनाही सुचलं नव्हतं.

शेवटी तूच अक्काच्या कानाशी लागलास. काय सांगितलंस ते लगेचच कळलं. अक्का काठावर आली, कमरेला पदर खोचला आणि काकूच्या लेकीचं जुनं लग्न उकरून ओरडली, "कौतिक, तुनी आंडेरना लगीनमा आमरसमा पानी टाकेल व्हतं! आख्खा उगवतीना गावनं पोट बिघडनं!"

पुढचं सगळं एकदम झालं. काकूचा पदर खांद्यावरून कधी पडला तिलाच कळलं नाही. "तुना मुडदा बशाडू! मना आमरसले नावं ठेवस? तुना घरमा ते पितरस्लेबी इकतना रस!" मागच्या बाया पुढे आल्या. कुणाचा नवरा, कुणाची म्हैस, कुणाची पळून गेलेली नणंद, वर्षानुवर्षं लग्नाकार्यात गोड बोलून गिळलेलं सगळं वर आलं. मग पहिला दगड पडला. कुणी टाकला देव जाणे. दुसरा पडला, तिसरा पडला, सत्तरी ओलांडलेल्या बायका वाळूतले गोटे वेचायला लागल्या. तू मधोमध दोन माईक दोन हातांत धरून उभा होतास, आणि एक गोटा तुझ्या कपाळावर बसला. भुवई फाटली. मी धावलो, तर तू डोळ्यांनी मला दरडावलंस की थांबवू नको. रक्त हनुवटीवरून गळत होतं आणि तुझे हात हलले नाहीत. सगळं आटोपल्यावर, बाया धापा टाकत, हसत, एकमेकींचं पाणी पीत बसल्या तेव्हा तू माझ्याकडे आलास आणि विचारलंस, "ऊना का आवाज?"

आला होता. असा आला होता की ऐकताना माझ्या मुठी वळत होत्या.

आणि तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं. टेबलासमोर उभं राहिलं की माझं गाव डाव्या हाताला, तुझं उजव्या. मावळतीच्या बायांचा आवाज डाव्या पेटीतून, उगवतीच्या उजव्या. माझ्या डाव्या कानात काही शिरत नाही. दोन्ही गावं एकाच वेळी, बरोबरीनं ऐकणं या जन्मात मला शक्य नाही, आणि ते कुणामुळे हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. दोन्ही पेट्यांचे ॲम्प्लिफायर जुने, वेगवेगळ्या बनावटीचे, बटणांवरचे आकडे पुसलेले. तेव्हा बटणं तू फिरवायचास, आणि "बरोबर शे" म्हणायचास. मला मात्र तुझंच गाव गरजताना ऐकू यायचं. मी टेबलाकडे पाठ करून उभा राहिलो की उलटं व्हायचं, आणि तू खिजवायचास, "मावळतीना लोके पाठच दखाडतंस."

मला खात्री होती की तू लबाडी करतो आहेस. माझ्या गावाचा आवाज दाबतो आहेस. कान घेतलास तो घेतलास, आता त्याच कानाच्या आड लपून माझ्या आईला, माझ्या काकूला, माझ्या अख्ख्या काठाला हरवतो आहेस. आणि हे मी तुला तोंडावर बोललो. तू नुसता हसलास. मग मी तुझ्या अंगावर गेलो.

साठी उलटलेले दोन म्हातारे माडीवर फरशीवर लोळत होते, नथू. तुझा गुडघा माझ्या बरगडीत, माझा पंजा तुझ्या गळ्यावर. टेबलाचा पाय सरकला, तुझा बोगदा खाली पडून फुटला, त्यात अडकलेलं इंजिन चाकं फिरवत राहिलं. वहिनींनी कुत्री सोडवायला टाकतात तसं बादलीभर पाणी आपल्या अंगावर टाकलं. तू भिजलेल्या मिशांनी म्हणालास, "आखाजीले दोन्ही गावनासमोर वाजाडू. मंग ठरी कोन लबाड शे ते."

मी म्हणालो, ठरी. आणि जिना उतरलो. ते आपलं शेवटचं बोलणं.

महामार्गाच्या चौफुलीवर त्या कंटेनरनं तुला कसं चिरडलं ते मी इथं लिहिणार नाही. मी पोचलो तेव्हा तुझ्यावर चादर टाकलेली होती आणि लोक ड्रायव्हरला तुडवत होते. माझ्या हातात दगड कधी आला मला कळलं नाही. हात मागे गेला, खांदा ताणला गेला. तो माणूस नाकातोंडातलं रक्त पुसत "बाबूजी, बाबूजी" करत होता. दगड मी गाडीच्या दिव्यावर मारला. दुसरा उचलला, दुसरा दिवा फोडला. मग काचेवर मारत सुटलो. आणि मग लोकांच्या अंगावर धावून जाऊन त्या ड्रायव्हरला त्यांच्या हातून ओढून काढलं आणि पोलिसांच्या गाडीत कोंबलं. तो मेला असता तर मी रागवायचं कुणावर? तू तर आधीच निसटला होतास. खरं तर तेव्हा मला चादर ओढून तुझ्याच मुस्काटात मारावीशी वाटत होती.

म्हणून मी हातोडी घेऊन आलो होतो. आणि वहिनींनी आखाजीचं सांगितलं म्हणून थांबलो. पण माझ्या थांबण्यामागं माझा डावही होता, तो तुला सांगतो. बाकी सगळं मी पुरं केलं. बोगदा पुन्हा उभा केला, होल्यांचा आवाज नीट जोडला, गाडी पुलावर आली की बार चढावा आणि गेली की उतरावा अशी जुळणी केली. फक्त त्या दोन बटणांना हात लावला नाही. तू लावली होतीस तशी ठेवली. वर चिकटपट्टी मारली. दोन्ही गावांसमोर तुझी लबाडी उघडी पाडायची होती मला. मेल्यावर तरी तू हरावंस अशी माझी फार इच्छा होती.

आखाजीच्या सकाळी वहिनींनी तुझी घागर भरली. मी पहिल्यांदा तुझं नाव पितरांत ऐकलं. गुरुजींनी ते इतक्या सहज म्हटलं की मला त्यांचाही राग आला. दुपारी दोन्ही गावांच्या बाया टेम्पोनं आल्या. माडी गच्च भरली. उगवतीच्या उजवीकडे, मावळतीच्या डावीकडे, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मी बटण दाबलं.

आधी नुसती दुपार. वारा, होले, लांबून जिनिंग. बायांच्या कुजबुजी आपोआप थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "बाई वं, आपलाच नीम शे." मग नरडाण्याकडून गाडी निघाली, टेबल थरथरलं, आणि पुलाखालून बार उठला. काकूचा आवाज आला तशी मावळतीच्या बाया फिदीफिदी हसल्या, एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. मी उगवतीच्या बायांकडे बघत होतो. त्या हसत नव्हत्या. यशोदाअक्काच्या कपाळाला आठी पडली होती.

गाडी पूल ओलांडून गेली आणि अक्का उसळली. "ओ हिलाल! हाई काय लावेल शे? आमना गावना आवाज कोठे शे? बठ्ठा त्यास्नाच येस! आमन्या बाया काय मुक्या व्हत्यात का?"

मला वाटलं, अक्का सवयीनं भांडते आहे. "अक्का, मी हात लावेल नही. नथूनी लावेल शे तसंच शे."

"खोटं नको बोलू. आमले काय कान नहीत? इचार कोनलेबी."

मी विचारलं. उगवतीच्या सगळ्या तेच म्हणाल्या. मग काकूकडे बघितलं. ती मान खाली घालून पुटपुटली, "आमनाच जास्त शे बाप्पा. खोटं कसाले बोलू?" मी गाडी फिरतीच ठेवली, आणि ती पुन्हा पुलावर आली तसा टेबलाखाली शिरलो, उजवा कान आधी एका पेटीला लावला, मग दुसरीला. एवढी साधी तपासणी मी आजवर केली नव्हती, मला खात्रीच होती ना. डाव्या पेटीतून माझी काकू गर्जत होती. उजवीतून तुझी बहीण, तुझ्या चुलत्या, तुझा अख्खा काठ भिंतीपलीकडून बोलल्यासारखा येत होता. मी तुझा गळा धरला होता तेव्हाही हेच होतं. लबाडी तू करत होतास, माझ्या बाजूनं.

टेबलाखालून बाहेर यायला मला वेळ लागला. वर अक्काला सगळं कळलं होतं. ती तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर उभी होती आणि छाती पिटून तुला शिव्या देत होती. "मुडदा बशाड्या! सोताना गावले हाराय तू! जितेपनी कोनापुढे वाकना नही, आन चोरीमा वाकना!" रडत होती आणि शिव्या देत होती. तेराव्यालाही ती अशी रडली नव्हती.

तर साठी उलटेपर्यंत तोंडातून न निघालेला शब्द तू बटण फिरवून म्हणालास. तेही अशा ठिकाणी, जिथं मला ऐकू येत नाही. मला कळावं अशी तुझी इच्छा होती की नव्हती? आखाजीला दोन्ही गावांसमोर उघडं पडेल हे तुला माहीत होतं, तेव्हा असावी. मग तेव्हा तू काय केलं असतंस? हसला असतास? की मी बोलायच्या आत माझ्यावर काहीतरी फेकलं असतंस? हे मला आता कधीच कळणार नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं, नथू. तुझ्या जाण्याइतकंच वाटतं.

आणि रागही आला. असा आला की चिकटपट्टी मी दातांनी तोडली. तुझ्या मेहेरबानीनं जिंकलेला बार मला नको होता. माझ्या आईनं तुझ्या आईला बरोबरीनं शिव्या दिल्या होत्या, कुणाच्या दयेनं नव्हे. मी अक्काला हाताला धरून माझ्या डाव्या बाजूला बसवलं. "अक्का, आठे मना कान नही शे. तू मना कान. सांग, कोठे थांबू." उजवं बटण मी चढवायला लागलो.

"आजून," अक्का म्हणाली.

"बस झायं!" काकू ओरडली.

"आजून! चढाव!"

"आते आमना दबस! नथूना हातनं जास्त व्हतं ते चालनं, आते मोजाले निंघनी!"

"तू गप वं, पानीना आमरसवाली!"

आणि नथू, तुझ्या माडीवर बार झाला. यंत्रातल्या बाया आणि खऱ्या बाया एकदम. मावळतीकडून तांब्या आला, उगवतीकडून चप्पल. तुझा कडुनिंब आडवा झाला. गाडी पुन्हा पुलावर चढली, टेबल हादरलं, नखाएवढी माणसं वाळूत पडली. मी अक्काच्या बोटाकडे बघत बटण फिरवत राहिलो. एका क्षणी तिनं माझं मनगट घट्ट दाबलं, आणि पलीकडून काकूही गप्प झाली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बरोबरी झाली होती. मला ती ऐकू आली नाही, त्यांच्या तोंडावर दिसली. वहिनी दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या, आणि शिव्या ऐकून हसतही होत्या.

ती बटणं आता तिथंच राहतील. कडुनिंब मी पुन्हा उभा केला आहे, माणसं वहिनींनी वेचून ठेवली आहेत. मी रोज संध्याकाळी जातो, गाडी एकदा फिरवतो. काल वहिनी म्हणाल्या की भाऊ, तुम्ही एकटेच मोठ्यानं बोलता वर. बोलतो.

तुला माफ केलं हे मी तू जिवंत असताना कधीच म्हणणार नव्हतो. म्हटलं असतं तर त्या शब्दासाठी तू मला जिन्यावरून खाली ढकललं असतंस, आणि मी तुला सोबत ओढलं असतं. आता म्हणतो, कारण तुला ढकलता येत नाही. माफ केलं, नथू. ये वर, ढकल मला.